आधी माणसांच्या जागा, मग पडदा

नव्या घराचे इंटिरिअर ठरवताना एक खोली 'होम थिएटर'साठी राखून ठेवण्याची पद्धत आता शहरांत चांगलीच रुळली आहे. खोली ठरली की याद्या सुरू होतात. प्रोजेक्टर कोणता, पडदा किती इंची, स्पीकर पाच की सात, फॉल्स सीलिंगमध्ये दिवे कुठल्या रंगाचे. या सगळ्यावर महिना-दोन महिने खल झाल्यावर शेवटी प्रश्न येतो तो खुर्च्यांचा, आणि तोही असा, की 'उरलेल्या जागेत किती रिक्लायनर बसतील?' ही उलटी गंगा आहे. डोळे, कान, मान, कंबर आणि फुफ्फुसे ही सगळी खुर्चीवर बसणार असतात, पडद्यामागे नाही. त्यामुळे आधी बसण्याच्या जागा ठरवाव्यात आणि त्यांना जुळेल असा पडदा आणि स्पीकर घ्यावेत. आणि जागा ठरवतानाही घरातल्या सर्वांत हौशी माणसाचा नव्हे, तर सर्वांत कमी ऐकू येणाऱ्याचा, गुडघे दुखणाऱ्याचा आणि सर्वांत लहानाचा विचार आधी व्हावा.

मराठी प्रेक्षकाला जागेचे महत्त्व नव्याने सांगायला नको. नाटकाला पहिल्या रांगांचे तिकीट सर्वांत महाग, आणि जुन्या एकपडदा टॉकीजमध्ये मात्र पुढचा स्टॉल सर्वांत स्वस्त, बाल्कनी सर्वांत महाग. एकाच गावातल्या दोन थिएटरांत दर असे उलटे असण्यामागे शरीरशास्त्र आहे. नाटकात नटाचा चेहरा मूळ आकाराचाच असतो, म्हणून जवळ बसावेसे वाटते. पडद्यावरचा चेहरा दहा-वीस पट मोठा, म्हणून लांब बसावे लागते. घरातल्या थिएटरला यातले कुठले गणित लावायचे, ते पडद्याच्या रुंदीवर ठरते.

अंतर किती असावे?

टीव्हीचा आकार तिरक्या मापात सांगितला जातो, पण डोळ्याला महत्त्वाची असते ती रुंदी. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे चार फूट असते आणि १०० इंची प्रोजेक्टर पडद्याची सव्वासात फूट. बसलेल्या माणसाच्या डोळ्याशी पडद्याच्या दोन कडांनी किती अंशांचा कोन होतो, यावर चित्र 'भरल्यासारखे' वाटणे अवलंबून असते. चित्रपट आणि टीव्ही अभियंत्यांच्या अमेरिकी संघटनेने यासाठी सुमारे ३० अंशांचा कोन सुचवलेला आहे. चित्रपटगृहासारखा अनुभव हवा असणारे तो ४० अंशांपर्यंत नेतात. साध्या हिशेबात सांगायचे तर पडद्याच्या रुंदीच्या १.४ ते १.९ पट अंतरावर बसावे. म्हणजे ५५ इंची टीव्हीसमोर साडेपाच ते साडेसात फूट आणि १०० इंची पडद्यासमोर १० ते साडेतेरा फूट.

हे आकडे पाहिल्यावर अनेक घरांतली गडबड लगेच लक्षात येते. १२ फूट लांब हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकवून समोर ४३ इंची टीव्ही लावलेला असतो आणि मग 'अक्षरे दिसत नाहीत' म्हणून मोठा टीव्ही घेतला जातो. सोफा तीन फूट पुढे घेतला असता तर बराचसा खर्च वाचला असता. दुसरीकडे दहा फुटी बेडरूममध्ये १२० इंची पडदा लावणारेही आहेत. तिथे टेनिसचा सामना पाहिल्यासारखी मान डावी-उजवीकडे फिरवावी लागते.

'टीव्ही जवळून पाहू नकोस, डोळे जातील' हा धाक मात्र जुन्या काळातला आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत टीव्ही संचांतून प्रमाणापेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे आढळले आणि ते संच परत मागवावे लागले. त्या जुन्या काचेच्या नळीच्या संचांत विजेचा दाब प्रचंड असे. आजच्या एलईडी पडद्यांत किंवा प्रोजेक्टरमध्ये तसे काही नसते. डोळ्याला खरा ताण पडतो तो जवळ नजर रोखण्याचा. एका फुटावरचा मोबाइल पाहताना डोळ्याच्या भिंगाला तीन डायॉप्टरहून अधिक जोर लावावा लागतो. दहा फुटांवरचा पडदा पाहताना जेमतेम एक तृतीयांश डायॉप्टर. त्या अर्थी मुलाने मोबाइलवर सिनेमा पाहण्यापेक्षा मोठ्या पडद्यावर घरच्यांसोबत पाहिलेला बरा. एखादे मूल वारंवार उठून पडद्याजवळ जाऊन बसत असेल, तर त्याला रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. जवळ बसल्याने नजर अधू होते असे नाही. नजर अधू असल्यामुळे ते जवळ बसत असण्याची शक्यता जास्त.

मान वर करून पाहायला हे आकाश नव्हे

अंतराइतकीच उंचीही महत्त्वाची असते आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. सोफ्यावर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. आरामात बसल्यावर नजर आपोआप किंचित खाली झुकते. असे असताना टीव्ही शोकेसच्या वर, दाराच्या चौकटीच्या उंचीला लावला जातो, कारण तिथे तो 'छान दिसतो' आणि खाली सामान ठेवता येते. पडद्याचा मध्य सहा फुटांवर आणि माणूस सात फुटांवर असेल, तर नजर सुमारे २० अंश वर उचलावी लागते. पाच मिनिटांच्या बातम्यांना ते चालून जाते. अडीच तासांच्या चित्रपटाला मानेचे मागचे स्नायू तक्रार करणारच, आणि ज्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज आधीच झालेली आहे त्यांची दुसऱ्या दिवशीची सकाळ अवघड जाते.

टीव्हीचा मध्य डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडासाच वर असावा. प्रोजेक्टरचा पडदा मोठा असल्याने त्याचा मध्य थोडा वर जातो, पण अंतरही जास्त असल्याने कोन लहान राहतो. दहा फुटांवरून पाहताना मध्य फूटभर वर असला तरी कोन सहा अंशांच्या आतच राहतो. पलंगावर आडवे पडून, उशीवर डोके उचलून, हनुवटी छातीला टेकवून पाहणे हा प्रकार मात्र कुठल्याच गणितात बसत नाही.

गाद्या वाहून नेणारा प्राध्यापक

खुर्ची केवळ बसण्यासाठी नसते, ती आवाजही घडवते, हे विज्ञानाला कळले त्याची गोष्ट मजेशीर आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फॉग कला संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह तयार झाले आणि त्यात कोणाचे काय बोलणे चालले आहे हेच कळेना. शब्द उच्चारल्यावर त्याचा नाद सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. तोवर वक्ता पुढच्या वाक्यात पोहोचलेला असे. हे दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आले. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक करून त्या व्याख्यानगृहात मांडल्या आणि दर वेळी ऑर्गनच्या नळीचा सूर विरायला किती वेळ लागतो ते मोजले. जितक्या गाद्या जास्त, तितका नाद लवकर विरे. सकाळ होण्याआधी गाद्या परत जागेवर ठेवल्या जात. या मोजमापांतूनच सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचे पहिले सूत्र निघाले आणि १९०० मध्ये उघडलेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलसाठी ते कामी आले.

आजच्या फ्लॅटमधल्या खोलीला नेमकी सॅबिनच्या व्याख्यानगृहाची बाधा झालेली असते. खाली गुळगुळीत विट्रिफाइड टाइल, वर पीओपी, बाजूला काच आणि रंगवलेली भिंत. रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवून पाहावी; 'टर्रर्र' असा कापरा पडसाद आला तर महागडे स्पीकरही तिथे वाया जातील. कापडी सोफा, जाड सतरंजी, पुस्तकांचे कपाट, चुण्यांचा जाड पडदा यांनी बराच फरक पडतो. गुळगुळीत रेक्झिनपेक्षा कापडी आवरणाची खुर्ची आवाज जास्त शोषते. मात्र एक गैरसमज काढायला हवा. हे सगळे खोलीच्या आतला नाद कमी करते, शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबवत नाही. भिंतीला फोम चिकटवला म्हणून सबवूफरचा घुमारा खालच्या मजल्यावर जायचा थांबत नाही. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेसाठी नियमांनी ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, याची आठवण ठेवलेली बरी.

खोलीतला ढोल-ताशाचा भाग, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज, हा तर पूर्णपणे जागेवर अवलंबून असतो. १५ फूट लांब खोलीत सुमारे ३८ हर्ट्झच्या आवाजाची लाट दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. दोन्ही भिंतींशी तो आवाज फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळपास नाहीसा होतो. म्हणून भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर सगळे घुमते आणि मधल्या खुर्चीवर तोच सिनेमा पोकळ वाटतो. पडद्यापासून खोलीच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश अंतरावर बसणे हा चांगला मध्यममार्ग. १५ फुटी खोलीत ही जागा दहा फुटांवर येते आणि १०० इंची पडद्यासाठी दृष्टीचे गणितही तिथेच जुळते. मागे पाच फूट मोकळे राहतात ते अनेकांना डोळ्यांत खुपते. पण त्या मोकळ्या जागेची किंमत ऐकताना वसूल होते.

आवाज वाढवा, असे कोण म्हणते?

इथपर्यंतचा भाग कुठलाही जाणकार तंत्रज्ञ सांगेल. तो सहसा सांगत नाही ती गोष्ट अशी, की एका घरात एकच कान नसतो.

वय वाढते तसे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. 'स', 'श', 'फ', 'त', 'क' या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग त्याच पट्टीत असतो आणि मुळातच क्षीण असतो. स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, ते ऐकू येत राहतात. त्यामुळे आजी-आजोबा म्हणतात, 'ऐकू येते, पण काय बोलतात ते कळत नाही.' हे अगदी अचूक वर्णन आहे. घरातले लोक त्यावर एकच उपाय करतात, आवाज वाढवतात. त्याने स्वर आणि पार्श्वसंगीत अधिक आदळते, व्यंजने मात्र नादात बुडालेलीच राहतात. आजोबा पुन्हा म्हणतात, अजून वाढव.

आता या खोलीत बाकीचे कुठे बसले आहेत ते पाहावे. आजोबा मागच्या भिंतीजवळच्या आरामखुर्चीत, बारा फुटांवर. सहा वर्षांची नात सतरंजीवर पडद्यासमोर लोळत, स्पीकरपासून तीन फुटांवर. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. तीनचे बारा फूट म्हणजे दोनदा दुप्पट, १२ डेसिबलचा फरक. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे तो कमी होतो. निम्मा धरला, तरी ६ डेसिबल म्हणजे नातीच्या कानावर पडणारी ध्वनिऊर्जा चौपट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे, आणि मुलांसाठी ती ७५ डेसिबलवर आणलेली आहे. दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ज्याचे कान आधीच थकले आहेत त्याच्या सोयीसाठी ज्याचे कान अजून कोवळे आहेत त्याला किंमत मोजावी लागते, आणि कोणाचाही तसा हेतू नसतो. हे केवळ बसण्याच्या जागा चुकल्यामुळे घडते. आतल्या कानातल्या ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात त्या परत येत नाहीत, म्हणून ही चूक किरकोळ नाही.

उपाय जागांच्या अदलाबदलीत आहे. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना पहिल्या रांगेच्या मध्यभागी, संवाद जिथून येतात त्या मधल्या स्पीकरसमोर बसवावे. जवळ बसल्याने भिंतींवरून परतलेल्या आवाजापेक्षा थेट आवाज जास्त पोहोचतो आणि शब्द सुटे होतात. बहुतेक संचांत मधल्या स्पीकरचा आवाज वेगळा वाढवण्याची सोय असते, ती वापरावी. उपशीर्षके लावण्यात कमीपणा नाही. आणि कानाचे यंत्र हवे असेल तर ते घ्यावे. होम थिएटर हा श्रवणयंत्राला पर्याय नव्हे. मुलांची सतरंजी मात्र पडद्यासमोरून उचलून मोठ्यांच्या रांगेशेजारी न्यावी.

दुसऱ्या रांगेचा मोह

'चार पाहुणे आले तर?' या एका प्रश्नावर घराघरांत दुसरी रांग बांधली जाते. मागच्यांना पुढच्यांच्या डोक्यावरून दिसावे म्हणून लाकडी चौथरा येतो. किती उंच लागतो तो? पहिली रांग आठ फुटांवर, दुसरी तेरा फुटांवर आणि पडद्याची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर असेल, तर मागच्याला पूर्ण चित्र दिसण्यासाठी सुमारे दीड फूट उंचीचा चौथरा हवा. पडदा थोडा वर घेतला किंवा खुर्च्या आड-आड मांडल्या तर काही इंच कमी. पण बहुतेक ठिकाणी सुतार सहा-आठ इंचांचा चौथरा करून देतो. त्याने चढण्याचा त्रास होतो आणि दिसतही नाही.

दीड फुटी चौथरा केला, तर आणखी प्रश्न. पायरी सात इंचांहून उंच नसावी हे धरले तर दोन मधल्या पायऱ्या लागतात, त्यांना जागा लागते. ती नसते म्हणून एकच उंच पायरी ठेवली जाते, तीही गडद रंगाच्या गालिच्याने झाकलेली, अंधाऱ्या खोलीत. साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच असतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडते. जगभरात दर वर्षी अंदाजे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. मध्यंतरात बाथरूमकडे निघालेल्या आजीसाठी ही पायरी म्हणजे घरात मुद्दाम तयार केलेला धोका. शिवाय फिरता पंखा जमिनीपासून आठ-साडेआठ फुटांवर असेल, तर दीड फुटी चौथऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाने आळस देताना हात वर केला तरी तो पात्यापर्यंत पोहोचतो.

१५ बाय ११ फुटांच्या खोलीत दोन रांगा बसवूच नयेत. पाय पसरलेला रिक्लायनर साडेपाच फूट लांबी खातो. दोन रांगांतच ११ फूट संपतात आणि पहिली रांग पडद्याच्या नाकाशी जाते. एक चांगली रांग आणि हलवता येणाऱ्या बैठका हा शहाणपणाचा मार्ग. तीन माणसांचा कापडी सोफा, हात टेकता येतील अशी एक-दोन उंच खुर्च्या, गुंडाळून ठेवता येतील अशा गाद्या. क्रिकेटच्या अंतिम सामन्याला दहा माणसे येतात तेव्हा दाटीवाटीने बसण्यातही मजा असते. वर्षातल्या त्या दोन दिवसांसाठी उरलेले दिवस अडचणीत काढायचे कारण नाही.

खुर्चीची निवडही माणसाकडे पाहून व्हावी. खोल, मऊ, बुटका रिक्लायनर दुकानात दोन मिनिटे बसल्यावर स्वर्ग वाटतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला त्यातून उठताना मात्र दोघांची मदत लागते. बसायची उंची सतरा-अठरा इंच, आधाराला घट्ट हात आणि पाठीला टेका असलेली एक तरी खुर्ची, तीही दाराकडे जाणाऱ्या मोकळ्या वाटेलगत, अशा खोलीत असायलाच हवी.

बंद खोलीतला श्वास

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट, खिडकी कायमची बंद, आणि थंडाव्याला स्प्लिट एसी. इथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा सोडतो. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १५ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. १५ बाय ११ फूट आणि साडेनऊ फूट उंच खोलीत सुमारे ४४,००० लिटर हवा असते. सहा माणसे बसली आणि फटी पूर्ण बुजवलेल्या असल्या, तर तासाभरात हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे दोन हजारांहून अधिक भाग वाढतात. बाहेरच्या हवेत ते चारशेहून थोडे अधिक असतात आणि खोली नीट खेळती असल्याची ढोबळ खूण म्हणून एक हजारचा आकडा धरला जातो. याने कोणी गुदमरत नाही. पण डोके जड होणे, पेंग येणे, हवा कोंदट वाटणे हे सुरू होते, आणि 'सिनेमा रटाळ होता' असा ठपका दिग्दर्शकावर येतो. खरी काळजी सर्दी-फ्लूच्या दिवसांत असते. एकाने सोडलेली हवा बाकीचे पाच जण अडीच तास घेत राहतात.

म्हणून बैठकीच्या आराखड्यातच हवेची वाट आखावी. एका बाजूने हवा आत, दुसऱ्या बाजूने कमी आवाजाचा एक्झॉस्ट पंखा, आणि खुर्च्या त्या वाटेत. हे जमत नसेल तर मध्यंतरात दार-खिडकी दहा मिनिटे सताड उघडी ठेवावी.

मध्यंतर ही आपल्याकडच्या चित्रपटांची जुनी चांगली सवय घरात ओटीटीने मोडीत काढली आहे. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि बैठा वेळ कमी करावा, असे दोन्ही सांगितले आहे. होम थिएटरने हा बैठा वेळ वाढणारच. निदान उठणे सोपे असावे. सलग चार रिक्लायनरच्या मधोमध अडकलेला माणूस तहान आणि लघवी दोन्ही दाबून बसतो, कारण उठायचे तर सगळ्यांना पाय आवरायला सांगावे लागते.

कोपऱ्यातली खुर्ची कोणाची?

यावर एक आक्षेप येतो आणि तो अगदीच गैर नाही. ध्वनितज्ज्ञ म्हणतात, कुठल्याही मांडणीला एक मुख्य जागा लागते. तिथे माप घेऊन सगळे स्पीकर जुळवायचे असतात. पुढचे दोन स्पीकर त्या जागेपासून ३० अंशांवर, बाजूचे सुमारे ११० अंशांवर, असे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. सगळ्यांना सारखे द्यायला गेले तर कोणालाच उत्तम मिळत नाही. यात तथ्य आहे, पण अर्धेच. आता बरेच अॅम्प्लिफायर एकाऐवजी अनेक जागांवर माप घेऊन सरासरी जुळवणी करतात. एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन लहान सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले, तर सगळ्या रांगेत घुमारा बराच सारखा होतो. मुख्य जागेवरचा अनुभव थोडासा कमी झाला तरी कडेच्या जागांवरचा खूप सुधारतो. घर हा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ नव्हे. तिथे हा सौदा फायद्याचा आहे.

आणि या मुख्य जागेचा मालक सहसा आधीच ठरलेला असतो. ज्याच्या हौसेने खोली झाली, तो मधोमध. मुले पुढे. वडीलधारी मागच्या भिंतीला. घरातली बाई दाराजवळच्या कोपऱ्यात, कारण कुकरची शिट्टी, दारावरची बेल आणि मधेच लागणारा चहा तिच्या वाट्याचा. त्या कोपऱ्यातून चित्र तिरके दिसते, काही टीव्हींवर बाजूने पाहताना रंग फिके पडतात, आणि एकच स्पीकर कानाशी ओरडत असतो. हे कोणी ठरवून करत नाही; नकाशा काढताना त्या जागेवर बसून कोणी पाहिलेले नसते इतकेच.

ते पाहणे सोपे आणि फुकट आहे. खरेदीआधी एका रविवारी रिकाम्या खोलीत जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने पडदा, खुर्च्या, वाट आणि दार आखावे. भिंतीवर वर्तमानपत्रे चिकटवून पडद्याचा खरा आकार करावा. घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून प्रत्येकाने प्रत्येक जागेवर दहा मिनिटे बसावे, आजी-आजोबांनीही. कोणाची मान वर जाते, कोणाला उठता येत नाही, कोणाला शब्द कळत नाहीत, दिवा घालवल्यावर कोणाचा पाय कुठे अडखळतो, हे तासाभरात समजते. ज्या जागेवर बसायला कोणीच तयार होत नाही ती आराखड्यातून काढून टाकावी, मग तिथे कितीही देखणा रिक्लायनर बसत असला तरी. एवढे झाले की मगच पडद्याच्या इंचांची आणि स्पीकरच्या वॅटची चर्चा सुरू करावी. त्यानंतर ती फार वेळ चालत नाही आणि बहुतेकदा खर्चही कमीच येतो.